जुन्या टेकडीवर नवी माउली

(वाचनाचा भाग : प्रेषितांचीं कृत्यें १४:८–१९, २ राजे १७:२४–४१)

लुस्त्र नगरांत पौलानें एका जन्मपांगळ्या मनुष्यास बरें केलें, ही हकीकत आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु ती वाचितांना अकराव्या वचनांतील एक लहानशी गोष्ट पुष्कळदां आपल्या नजरेंतून निसटते. लोकांनीं आपला हर्ष लुकवनी भाषेंत, म्हणजे आपल्या घरच्या बोलींत, ओरडून व्यक्त केला. पौल व बर्णबा यांची भाषा लोकांना समजत होती. पण लोक आपसांत काय बोलत आहेत हें प्रेषितांना समजलेलें दिसत नाहीं. ज्यूसाच्या देवळाचा पुजारी बैल व हार घेऊन वेशीपाशीं आला, तेव्हां कोठें त्यांच्या ध्यानांत आलें कीं, आपण जिवंत देवाविषयीं सांगत होतों आणि ऐकणारे आपल्यालाच देव समजत होते. उपदेश एक झाला, ऐकणें दुसरेंच झालें. मध्यें खोटें कोणीच बोललें नव्हतें.

उपदेशक बंधूंनो, आजच्या पाठाचा विषय हाच आहे. आपण सांगतों तें एका भाषेंत, आणि ऐकणाऱ्याच्या अंतःकरणांत तें उतरतें दुसऱ्या, फार जुन्या भाषेंत. ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासांत याचें सर्वांत मोठें उदाहरण मेक्सिको देशांत घडलें. तो देश आपल्यापासून दूर आहे, तरी तेथील गोष्ट वाचितांना आपलीच वेस व आपलेंच देऊळ डोळ्यांपुढें उभें राहतें, म्हणून ती थोडी विस्तारानें सांगतों.

सन १५१९ मध्यें कोर्तेस नांवाचा स्पॅनिश सरदार मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला, आणि १५२१ च्या ऑगस्ट महिन्यांत तेथील आस्तेक लोकांची राजधानी तेनोच्तित्लान पडली. १५२४ मध्यें फ्रान्सिस्कन पंथाचे बारा संन्यासी तेथें आले. देवळें पाडण्यांत आलीं, मूर्ति फोडण्यांत आल्या, आणि थोड्याच वर्षांत अगणित लोकांचा बाप्तिस्मा झाला. कित्येक संन्याशांनीं एकेका दिवसांत इतक्यांस बाप्तिस्मा दिला कीं, त्यांतील प्रत्येकास विश्वासाचा अर्थ समजावून सांगण्यास वेळच नव्हता. या संन्याशांत स्वार्थी माणसें नव्हतीं असें नाहीं. पण पुष्कळजण अनवाणी चालणारे, गरिबांच्या बाजूनें बोलणारे, त्यांची भाषा कष्टानें शिकलेले असे होते. त्यांना हिणवून आपला पाठ पुढें जाणार नाहीं.

राजधानीच्या उत्तरेस तेपेयाक नांवाची टेकडी आहे. रोमन कॅथॉलिक परंपरा सांगते कीं, १५३१ च्या डिसेंबर महिन्यांत हुआन दिएगो नांवाच्या एका गरीब देशी ख्रिस्ती मनुष्यास त्या टेकडीवर मरीयेनें दर्शन दिलें, येथें माझें मंदिर बांधा असा निरोप बिशप सुमार्रागा यांजकडे धाडिला, आणि खूण म्हणून थंडीच्या दिवसांत फुलें दिलीं. तीं फुलें त्यानें आपल्या अंगावरच्या घोंगडीवजा वस्त्रांत बांधून नेलीं, व बिशपापुढें तें सोडतांच वस्त्रावर मरीयेचें चित्र उमटलेलें दिसलें. या मरीयेस ग्वादालूपेची मरीया म्हणतात. ग्वादालूपे हें नांव मात्र स्पेनमधील एका प्रसिद्ध यात्रेच्या ठिकाणाचें आहे; म्हणजे जिंकणाऱ्यांनीं आपल्या गांवची देवी बरोबर आणावी, तसाच हा प्रकार होय. आज त्या टेकडीच्या पायथ्याशीं १९७६ मध्यें बांधलेलें विशाल मंदिर आहे, १२ डिसेंबरच्या सणास लाखों यात्रेकरू तेथें लोटतात, आणि हुआन दिएगो यास पोप दुसरे जॉन पॉल यांनीं २००२ मध्यें संत म्हणून जाहीर केलें.

दर्शनाची ही कथा छापून प्रसिद्ध झाली ती मात्र १६४८ मध्यें स्पॅनिशांत व १६४९ मध्यें देशी नाहुआत्ल भाषेंत, म्हणजे घडल्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनीं. बिशप सुमार्रागा यांच्या उपलब्ध लिखाणांत तिचा उल्लेख सांपडत नाहीं. उलट १५५६ मध्यें बुस्तामान्ते नांवाच्या फ्रान्सिस्कन पुढाऱ्यानें भर उपदेशांत या भक्तीविरुद्ध तक्रार केली, आणि तें चित्र मार्कोस नांवाच्या देशी चिताऱ्यानें काढिलेलें आहे असें सांगितलें. त्या वेळचे आर्चबिशप मोंतुफार हे या भक्तीला उत्तेजन देणारे होते. म्हणजे हा वाद प्रॉटेस्टंट लोकांनीं काढिलेला नाहीं; रोमन मंडळीच्या आंतच, अगदीं आरंभापासून, तो आहे.

आतां ज्या मनुष्यासाठीं मीं हा पाठ लिहावयास घेतला त्याजकडे वळतों. बेर्नार्दिनो दे साहागून हा १५२९ मध्यें मेक्सिकोस आला आणि १५९० मध्यें तेथेंच मरण पावला. साठ वर्षें त्यानें त्या लोकांत काढिलीं. तो नाहुआत्ल भाषेंत निष्णात झाला. त्लातेलोल्को येथें देशी मुलांसाठीं १५३६ मध्यें उघडलेल्या शाळेंत त्यानें शिकविलें, आणि पुढें त्याच विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन तो जुन्या काळच्या वृद्धांपाशीं जाऊन बसला. तुमचे देव कोणते, सण कोणते, मूल जन्मल्यावर सुईण काय बोलते, पीक कापतांना काय म्हणतात, रोगावर कोणती मुळी देतात, हें सर्व त्यानें विचारून विचारून लिहून घेतलें. त्याचे बारा भाग झाले. त्याचें म्हणणें असें होतें कीं, ज्या वैद्याला रोग ठाऊक नाहीं तो औषध कसें देणार? वरिष्ठांना हें आवडलें नाहीं. १५७७ मध्यें राजा दुसरा फिलिप यानें त्याचे सर्व कागद स्पेनला पाठविण्याचा हुकूम केला. जुन्या खोट्या धर्माची माहिती लिहून ठेवणें म्हणजे तो जिवंत ठेवणें, अशी भीति राजदरबारास वाटली.

या ग्रंथाच्या अकराव्या भागास जोडलेल्या टिपणांत साहागून तेपेयाकविषयीं लिहितो. त्या टेकडीवर पूर्वीं देवांच्या मातेचें देऊळ होतें, तिला तोनान्त्झिन म्हणत, आणि दूरदूरच्या मुलुखांतून बायका, पुरुष, मुलें तिच्या यात्रेस येत. आतां तेथें मरीयेचें मंदिर झालें आहे आणि लोक तिलाही तोनान्त्झिनच म्हणतात. हें नांव त्यांना कोणी शिकविलें? तर उपदेशकांनीं. ‘तो’ म्हणजे आमची, ‘नान’ म्हणजे आई, आणि ‘त्झिन’ हा प्रेमाचा व आदराचा प्रत्यय. आपण ‘माउली’ म्हणतों तसें. उपदेशकांस मरीयेला ‘आमची माता’ म्हणावयाचें होतें, त्यांनीं सरळ भाषांतर केलें, आणि ऐकणाऱ्याच्या कानांत जुन्या टेकडीवरची जुनी घंटा वाजली. साहागून म्हणतो, येथें ‘दिओस इनान्त्झिन’ म्हणजे ‘देवाची माता’ असें म्हणावयास पाहिजे होतें. एका अक्षराचा भेद! ‘तो’ म्हणजे आमची, ‘इ’ म्हणजे त्याची.

अलीकडील कित्येक अभ्यासक म्हणतात कीं, तोनान्त्झिन हें एका देवीचें विशेषनाम नसून अनेक देवींना लावावयाचें संबोधन होतें. तसें असेल तर ही गुंतागुंत कमी न होतां वाढते. विशेषनाम असतें तर तें सोडून देतां आलें असतें. ‘आई’ हा शब्द कोण सोडील?

साहागूनानें आणखी दोन ठिकाणें सांगितलीं आहेत. एके ठिकाणीं तोसी, म्हणजे ‘आमची आजी’, या देवीची पूजा होत असे. तेथें संत आन्नेचें मंदिर झालें. आन्ना ही मरीयेची आई, म्हणून प्रभूची आजी, असें उपदेशकांनीं सांगितलें, आणि लोकांना आपली आजी परत मिळाली. दुसरे ठिकाणीं तेल्पोच्तली, म्हणजे ‘तरुण कुमार’, याचें स्थान होतें; तेथें संत योहानाचें मंदिर झालें, कारण योहान आजन्म ब्रह्मचारी तरुण होता अशी त्यांची शिकवण. यांत कोणीं कोणास फसविलें हें सांगणें कठीण आहे. उपदेशकास ओळखीचें दार सांपडलें म्हणून आनंद झाला. लोकांना तें दार आपल्याच जुन्या घराचें आहे हें समजलें म्हणून आनंद झाला. दोघेही आनंदानें आंत गेले, पण निरनिराळ्या घरांत.

साहागूनानें याची एक कसोटी दिली आहे, ती मला फार मोलाची वाटते. तो म्हणतो, मरीयेचीं मंदिरें या देशांत ठिकठिकाणीं आहेत; जवळच्या मंदिरांत हे लोक जात नाहींत, आणि पूर्वींप्रमाणेंच दूरदूरच्या गांवांहून याच टेकडीवर येतात. म्हणजे पाय कोठें वळतात तें पाहा. तोंड काय म्हणतें तें उपदेशकानें शिकविलेलें असतें. पायांना कोणी शिकवीत नाहीं.

पण साहागूनाला जें दिसलें नाहीं, किंवा दिसूनही ज्याकडे त्यानें पाठ फिरविली, तेंही आपण पाहिलें पाहिजे. तो हें लिहीत होता त्याच दिवसांत, १५७६ मध्यें, त्या देशांत भयंकर सांथ आली आणि माणसें हजारोंनीं मेलीं. तशा सांथी त्यापूर्वींही येऊन गेल्या होत्या. ज्या लोकांचा राजा गेला, देव गेले, शेतें गेलीं, मुलें गेलीं, ते लोक ‘आमची आई’ असा आक्रोश करीत जुन्या टेकडीकडे धांवले, तर त्यास निव्वळ सैतानाची युक्ति म्हणून मोकळें होणें मला तरी जमत नाहीं. मी प्रॉटेस्टंट पाळक आहें. मध्यस्थ एकच आहे, ही माझी शिकवण आहे आणि ती मी सोडणार नाहीं. तरी त्या भुकेल्यांना भाकरीऐवजीं दुसरें कांहीं मिळालें असेल, तर दोष भुकेचा नव्हे.

हीच गोष्ट मृतांच्या सणाची. दुरान नांवाच्या डोमिनिकन संन्याशाच्या ध्यानांत आलें कीं, आस्तेक लोक पूर्वीं लहान मुलांच्या व मोठ्या माणसांच्या मृतात्म्यांसाठीं दोन निरनिराळे सण करीत, आणि आतां तींच नैवेद्यें सर्व संतांच्या व सर्व मृतांच्या दिवशीं, म्हणजे १ व २ नोव्हेंबर रोजीं, ख्रिस्ती वेदीवर येऊं लागलीं आहेत. स्पेनमध्येंही त्या दिवसांत कबरींवर भाकर ठेवण्याची चाल होती, तेव्हां दोन जुन्या चाली एकमेकींत मिसळल्या असें म्हणणें अधिक योग्य. आजही मेक्सिकोंतील घरांत त्या दिवशीं फोटो, भाकर व पाणी मांडतात, आणि मृतांस वाट सांपडावी म्हणून दारापासून पिंवळ्या पाकळ्यांची रांग घालतात. हें फूल म्हणजे आपला झेंडू. दसऱ्यास आपल्या दारोदार ज्याचीं तोरणें लागतात तो झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. पितृपक्षांत कावळ्यास घांस घालणाऱ्या घरांतून जे आपण आलों, त्यांना ती पाकळ्यांची वाट समजण्यास टीकाकाराची गरज नाहीं.

या मिश्रणाची किंमत काय पडते, हें दक्षिण मेक्सिकोंतील चियापास प्रांतांत चामुला नांवाच्या गांवीं दिसतें. तेथें बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाचें मंदिर आहे. आंत बांकें नाहींत; जमिनीवर पाइनच्या पानांचा थर, त्यावर शेंकडों मेणबत्त्या, भोंवतीं संतांच्या मूर्ति, आणि आजाऱ्याच्या अंगावरून अंडीं किंवा कोंबडी उतरून रोग काढणारे भगत. संतांचे सण, त्यांची वर्गणी, आणि त्यांत वाटावयाची उंसाची दारू यांवर गांवचें पुढारीपण उभें आहे. १९७० नंतरच्या वर्षांत तेथील कांहीं लोक प्रॉटेस्टंट झाले. त्यांनीं दारू सोडली व सणाची वर्गणी नाकारली. तेव्हां गांवच्या पुढाऱ्यांनीं त्यांना घरांतून हांकलून लाविलें. पुढील दोन दशकांत हजारों माणसें शेतें व घरें टाकून सान क्रिस्तोबाल शहराच्या कडेला झोंपड्या बांधून राहिलीं. हांकलून दिलेल्यांत रोमन मंडळीच्या बिशपाशीं एकनिष्ठ असलेले कॅथॉलिक धर्मशिक्षकही होते, हें विसरूं नये. जें मिश्रण कोणास गोड वाटतें, कोणास नुसतें रंगीत वाटतें, तें गांवकीच्या हातांत गेल्यावर पाणवठा बंद करूं शकतें. हें आपल्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाहीं.

आपल्याजवळच्या गोव्यांतही याचें एक मवाळ रूप आहे. म्हापशाच्या संत जेरोमच्या देवळांतील मिलाग्रिस सायबीण आणि शिरगांवची लईराई या सख्ख्या बहिणी आहेत, सात बहिणींपैकीं एक ख्रिस्ती झाली, असें तेथील लोक मानतात. सायबिणीच्या फेस्ताला हिंदु व ख्रिस्ती दोघेही तेल घेऊन जातात. यांत शेजारधर्म आहे, आणि तो लहान गोष्ट नव्हे. परंतु ‘बहीण ख्रिस्ती झाली’ या एका वाक्यांत मरीयेच्या पुत्राचें नांवही येत नाहीं, याचें मला वाईट वाटतें.

आतां कोणी म्हणेल, आपल्या मंडळ्यांत मूर्ति नाहींत, तेव्हां आपण या दोषापासून मुक्त आहों. दुसरा राजे सतराव्या अध्यायांत अश्शूरच्या राजानें शोमरोनांत वसविलेल्या लोकांविषयीं वाचा. त्यांनीं परमेश्वराचें भय धरिलें आणि आपापल्या देवांची सेवाही केली. दोन्ही एकाच वेळीं, आणि त्यांत कांहीं विसंगत आहे असें त्यांना वाटलेंच नाहीं. त्यांना शिकविण्यास एक याजक पाठविला होता, तरीही तसें झालें.

माझीच एक गोष्ट सांगतों. मी नवा पाळक असतांना एका खेड्यांतील नव्या कुटुंबाकडे जात असें. घरांतील लहान नातू वारंवार आजारी पडे, आणि त्याच्या गळ्यांत ताईत होता. मीं आजीस पुष्कळ समजावून तो ताईत तोडविला, आणि मार्काच्या शुभवर्तमानाची एक लहान प्रत तिच्या हातीं दिली. ‘आजी, या पुस्तकांत जीवन आहे,’ असें मी म्हणालों. महिन्याभरानें गेलों तों तें पुस्तक तांबड्या फडक्यांत शिवून पोराच्या उशाखालीं ठेविलेलें. मी रागावलों. आजी गोंधळून म्हणाली, ‘पाळकसाहेब, तुम्हीच म्हनला व्हता न्हवं, ह्यात जीवन हाय म्हून? मंग म्या पोराच्या उशाला ठिवलं.’ मीं जो शब्द दिला तोच तिनें घेतला होता. मीं ताईत काढिला नव्हता, बदलला होता.

त्या दिवशींचा माझा राग मला आजही बोंचतो. मीं तें फडकें उसवून पुस्तक बाहेर काढिलें, पण पांचव्या अध्यायांतील याईराच्या मुलीची गोष्ट तिला वाचून दाखविण्याचें मला सुचलें नाहीं. तें सुचलें पुढच्या भेटींत. ती ऐकतांना आजीनें एकच विचारलें, त्या बापाची लेक उठली तेव्हां तिला खायाला काय दिलं? शास्त्रांत तें लिहिलेलें नाहीं. खावयास द्या एवढेंच प्रभूनें सांगितलें. पण त्या प्रश्नावरून मला कळलें कीं, या वेळीं ती पुस्तकाकडे नव्हे, प्रभूकडे पाहत होती.

मग जुनें सारें फेंकून द्यावयाचें काय? साहागूनानेंही तसें केलें नाहीं. लोकांचीं जुनीं नाचगाणीं बंद करून भागणार नाहीं हें ओळखून त्यानें त्यांच्याच भाषेंत ख्रिस्ती गीतें रचिलीं, आणि त्याच्या हयातींत छापला गेलेला त्याचा एकच ग्रंथ, १५८३ चा, तो हा. गोव्यांत फादर स्टीफन्स यांनीं १६१६ मध्यें छापलेल्या ख्रिस्तपुराणांत ओवी घेतली आणि स्वर्गास वैकुंठ म्हटलें. आपल्या मंडळ्यांत नारायण वामन टिळकांनीं भजन व कीर्तन आणिलें, तें आपण आनंदानें गातों. ओवी घेतली म्हणून कोणी बाटत नाहीं. पण वैकुंठ म्हटल्यावर ऐकणाऱ्यास कोण दिसतो, हें स्टीफन्स यांनीं विचारिलें पाहिजे होतें, आणि ‘प्रसाद’, ‘व्रत’, ‘नवस’ हे शब्द वापरितांना आपणही विचारिलें पाहिजे.

लुस्त्रांत पौलानें काय केलें तें पुन्हां पाहा. त्यानें बैल परतविले, वस्त्रें फाडिलीं, आम्ही तुमच्यासारखींच माणसें आहों असें ओरडून सांगितलें. पण त्यानंतर त्यानें आब्राहामाची वंशावळ काढिली नाहीं. शेतकऱ्यांशीं तो पाऊस, पिकाचे ऋतु, अन्न व मनांतील हर्ष यांविषयीं बोलला, आणि हें सर्व कोण देतो तें सांगितलें. त्यांची भूक त्यानें नाकारली नाहीं. बैल मात्र घेतले नाहींत. त्याचा परिणाम एकोणिसाव्या वचनांत आहे. त्याच गांवीं त्याला दगडमार झाली.

पाठ घेतांना उपदेशकांनीं प्रथम शास्त्रभाग वाचावा आणि स्वतः बोलण्यापूर्वीं मंडळीस विचारावें : आपल्या घरांत बाप्तिस्म्यापूर्वींची कोणती गोष्ट अजून चालू आहे? पहिल्यानें कोणी बोलणार नाहीं. उपदेशकानें स्वतःच्या घरापासून आरंभ करावा. वृद्ध बायकांस आवर्जून विचारावें, आणि त्या सांगतील तें रागावल्यावांचून ऐकून वहींत लिहून ठेवावें. पुढील आठवड्याचा भाग २ राजे १८:१–७ हा आहे. मोशेनें केलेला पितळी साप हिज्कीया राजानें कां फोडिला, याचा विचार त्या वेळीं करूं. तोंपर्यंत ती वही जवळ असूं द्यावी.